सत्काराच्या सात पायऱ्या

पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेल्या मृणालचा सत्कार तालुक्याच्या तरणतलावावर होता. प्रात्यक्षिकासाठी ती पोहण्याच्याच पोशाखात, चाकांच्या खुर्चीत काठाशी बसली होती. व्यासपीठाला मात्र सात पायऱ्या!

आमदार आबासाहेब माइकवरून गरजले, “काळजी नको! चार माणसं पोरीला उचलून वर आणतील.”

ही उचलबांगडी मृणालला लहानपणापासून नकोशी होती. खुर्चीतून ती अलगद पाण्यात उतरली आणि सपासप हात मारत तलावाच्या मध्यावर पोचली.

“आबासाहेब, शाल-श्रीफळ इथेच घेते. या ना!”

“अगं, मला कुठं पोहता येतंय?”

“काळजी नको! तीच चार माणसं तुम्हाला उचलून आणतील.”

आबासाहेब नारळ घेऊन सातही पायऱ्या मुकाट्याने उतरले.