कौतुकपेटी

मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, म्हणून आमच्या कॉलेजात मुली दिवसभर पाणी पीत नसत. लग्न होऊन मी या गावात आले, तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि सगळ्यांत आधी हेच शिकले.

विद्यार्थी प्रतिनिधी शर्वाणी दुधाळ कडीसाठी प्राचार्यांना भेटून आली आणि कट्ट्यावर उभी राहून म्हणाली, "खोटी आशा दाखवत नाही गं. सर म्हणतात, तक्रारपेटी रिकामी आहे, म्हणजे तक्रारच नाही."

ही पेटी प्राचार्यांच्या केबिनसमोर, त्यांना बसल्या जागेवरून दिसेल अशी टांगलेली.

"मग आता?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारी आणखी एक पेटी लावली, 'प्राचार्यांचं कौतुक'. सरांनी खुशीत परवानगी दिली होती. हिचं चाललंय काय, मला कळेना.

मग एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. प्राचार्यांनी ऐटीत तक्रारपेटी उघडली. "बघा साहेब, एक चिठ्ठी नाही!"

"सर, शेजारचीही उघडा ना," शर्वाणी म्हणाली.

तीही रिकामी.

"काय हो, कौतुक करावं असं कुणालाच वाटलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

प्राचार्य गडबडले. "तसं नाही साहेब! माझ्या डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला मुलं बिचकतात हो."

"कौतुकाला बिचकतात, सर," शर्वाणी शांतपणे म्हणाली, "मग तक्रार कशी टाकतील?"

तक्रारपेटी मुलींच्या खोलीत गेली, संध्याकाळपर्यंत भरली, आणि कडी बसली.

घरी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईची एकही तक्रार नाही हो."

मी त्यांच्या समोरच चहा गाळत होते.