लाकडी भिवरीचा हात

पांघरुणं घ्या आधी. मधे कुणी बोललं तर गोष्ट तिथंच बंद, सांगून ठेवते. तर काय झालं, एका नगरात नेमाशेट नावाचा दुकानदार होता. मध विकायचा. स्वतः कधी झाडावर चढला नाही हो, चढायची ती डोंगरापलीकडच्या रानातली भिवरी.

शेटला हाव सुटली. झाडंच तोडून मधाची पोळी आणा म्हणून त्यानं माणसं धाडली. भिवरी वाटेत उभी राहिली. हात वर, तळवा पुढे. तिच्या लोकांत त्याचा अर्थ एकच, थांबा, येऊ नका. माणसं घाबरून परतली. त्यांत एक सुतार होता. मग त्यानं सागाच्या ओंडक्यात तिला तशीच कोरली. फक्त ओठांवर हसू घातलं, मेल्यानं.

शेटनं ती बाहुली दुकानाच्या दारात उभी केली. लोक म्हणाले, बघा, कशी बोलावते आहे. गिऱ्हाइकांची रीघ लागली. मग एका चिताऱ्यानं जलरंगांत तिचं चित्र काढलं, मागे हिरवंगार रान. चित्र गेलं राजाकडे. ही काय म्हणते, राजानं विचारलं. प्रधान म्हणाला, रान तुम्हाला बोलावतंय, महाराज. मग काय, राजानं तिथंच महाल बांधायचं ठरवलं आणि शंभर कुऱ्हाडी काढायला लावल्या.

भिवरीला कळलं. धावत आली बिचारी. पहारेकऱ्यांनी दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा दरबारात शिरलीच. म्हणाली, "महाराज, तो हात माझा आहे. मी या म्हणत नव्हते, येऊ नका म्हणत होते."

राजानं चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "चित्रातली बाई हसते आहे. तू कोण?"

आणि तिला वेशीबाहेर काढलं. अजून राग येतो मला.

मग रानात पहिलं झाड पडलं, बरं का, आणि दुकानातल्या लाकडी भिवरीचा हात आपोआप खाली आला. शेटनं उचलून खिळा ठोकला. दुसरं झाड पडलं, हात पुन्हा खाली. पुन्हा खिळा. तिसऱ्यांदा त्यानं लोखंडी पट्टीच मारली. मग हात हलला नाही.

महाल झाला. राजा सुखात राहिला. मध संपला तसा शेट गूळ विकायला लागला, तोही सुखात राहिला. भिवरी ना? रान गेलं, पोट होतं. त्याच महालाच्या बांधकामावर तिनं दगडमातीच्या पाट्या वाहिल्या.

पुढं विचारू नका मला. कुशीवर वळा आणि झोपा.