जोडलेले हात

“...मग मला सांगा बाबा, चांगली गोष्ट सांगितली तर लोकांच्या पोटात का दुखतं?”

रुकनशा बाबा पुढच्या दुकानाकडे वळले. गुरुवारची सकाळ होती. तळ्यावरचं धुकं अजून बाजारपेठेत रेंगाळत होतं, आणि हे म्हातारे फकीर लोबानचं धुपाटणं घेऊन एकेका दुकानापुढे थांबत होते. धूर कुठला आणि धुकं कुठलं, काही कळत नव्हतं.

मागून उल्हास बोलत चालला होता. हा गडी जास्वंदीचं केसांचं तेल विकायचा, तेही बसल्या जागी, फोनवरून. ओळखीच्या माणसाला न विचारता ग्रुपमध्ये ओढायचं, दुसऱ्याच्या फोटोखाली आपली बाटली चिकटवायची, यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

“कुणी रागाचं तोंड पाठवतं. कुणी न बोलताच ग्रुपमधून गाशा गुंडाळतं. मी काय चोरी केली?”

“नाही.”

“परक्यांचं सोडा हो. अक्कानं, माझ्या सख्ख्या बहिणीनं मला ब्लॉक केलं. फोनसुद्धा उचलत नाही. आणि भाऊबीज तोंडावर आलीय...”

“काय झालं होतं?”

“तिच्या सासूबाई गेल्या. तिनं त्यांचा फोटो टाकला. खाली सगळ्यांची श्रद्धांजली... मीही लिहिली. आणि त्याखाली बाटली. सवयीनं गेली, बाबा. ‘गळती थांबवा, आजच मागवा.’”

बाबा चालता चालता थांबले.

“पण ती रागावली नव्हती. तिनं मला जोडलेले हात पाठवले. मला वाटलं, श्रद्धांजलीबद्दल नमस्कार केला. म्हणून नातेवाइकांसाठीची सवलतही पाठवली. मग आणखी फोटो... आणि एकदम दार बंद.”

कासाराचं दुकान आलं. आत इंदूबाई बांगड्यांचे जोड लावत बसल्या होत्या. धूर दिसताच त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले.

“जा ना बाबा आत,” उल्हास म्हणाला. “नमस्कार करतायत त्या.”

बाबांनी धुपाटण्यावर झाकण ठेवलं, उंबऱ्यापासून मागे सरले आणि मान लववून पुढे निघाले.

“नमस्कार नव्हता तो, बेटा. ‘माफ करा बाबा, पुढे जा’ म्हणाल्या त्या.”

“तोंडानं तर त्या काहीच...”

उल्हासचं वाक्य अर्धंच राहिलं. तो भर रस्त्यात उभा राहिला. धुक्यात त्याला अक्काचे ते इवलेसे पिवळे हात दिसायला लागले, सासूबाईंच्या फोटोखाली जोडलेले. मग खरे हातही आठवले. लहानपणी त्याला मांडीशी धरून त्याच्या डोक्यावर तेल थापणारे... त्याला स्वतःची फार लाज वाटली.

“भाऊबिजेला तिच्या दारात जातो,” तो म्हणाला. “आत नाही शिरणार. बाहेरच उभा राहीन. पण बोलू काय, बाबा? तिला ऐकू तर गेलं पाहिजे...”

बाबांनी झाकण काढलं नाही. निखारे निवत चालले होते, पण लोबानचा वास अजून गल्लीभर होता.

“तिला ऐकू जाईल इतका गप्प राहा.”