चुन्याखालची ओळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगू शकेल असं आता कोणी उरलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाव, गावाला लागून ओढा, आणि ओढ्यापलीकडे दहाबारा घरांची एक वाडी.

त्या गावात एक रीत होती. नवं वर्ष लागताना प्रत्येक घराची दर्शनी भिंत चुन्याने पांढरी करायची आणि येत्या वर्षात आपण काय काय करणार ते तिच्यावर गेरूने लिहायचं. पहाटे उठेन. तंबाखू सोडीन. सुनेवर ओरडणार नाही. भावाशी बोलणं सुरू करीन. वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी सगळं गाव भिंती वाचत फिरे आणि शेवटी पाटलांच्या अंगणातल्या मंडपात जमे. ज्याची यादी सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगली, त्याच्या गळ्यात चाफ्याचा हार पडे.

गेल्या वर्षीच्या यादीचं काय झालं, हे विचारायची मात्र रीत नव्हती. विचारणार तरी कसं? तोवर तिच्यावर नवा चुना बसलेला असे.

हा चुना लावणारी एक बाई होती. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. चुनकळी पाण्यात विझवायची, त्यात डिंक घालायचा, केकताडाच्या धाग्यांचा कुंचा घेऊन दारोदार जायचं, आणि भिंत वाळली की घरातला माणूस सांगेल ते लिहायचं, कारण वळणदार अक्षर गावात तिचंच. चुन्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. खांदा दुखायचा. गेरू मोठा हट्टी असतो, पहिल्या हाताला पुसला जात नाही, पांढऱ्याखालून गुलाबी होऊन डोकावत राहतो. म्हणून प्रत्येक भिंतीला दोन हात द्यावे लागत. पाटलांच्या भिंतीला तीन.

पाटलांची यादी सात ओळींची असे आणि तिची पहिली ओळ ठरलेली: ओढ्यावर साकव बांधीन. साकव म्हणजे लाकडाचा छोटा पूल. गेली बावीस वर्षं चाफ्याचा हार पाटलांच्याच गळ्यात पडत होता.

पाटील वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. ती ओळ सांगताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. लिहून झाली की त्यांना अर्धं काम झाल्यासारखं वाटे, आणि उरलेलं अर्धं पुढच्या वर्षी लिहायला राही.

ओढ्यापलीकडच्या वाडीत पंचक्रोशीतली एकुलती एक सुईण राहत होती. उन्हाळ्यात ती दगडांवर पाय देत अलीकडे येई. पावसाळ्यात दगड बुडत आणि ओढा कोणालाच येऊ देत नसे. दोन वर्षांपूर्वी, भर आषाढात, मावशीच्या मुलीला कळा सुरू झाल्या. मुलगी गावातच दिलेली होती. सुईण पलीकडच्या काठावर उभी राहून ओरडत होती, काय करायचं ते सांगत होती, आणि पाण्याच्या आवाजातून ऐकू येईल तेवढं घेऊन माणसं घराकडे धावत होती. निम्मं ऐकू आलं. मुलगी वाचली. बाळ राहिलं नाही.

आता मुलीला पुन्हा दिवस गेले होते. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तिला पाचवा महिना लागला होता. म्हणजे बाळंतपण श्रावणात, भर पावसात.

त्या सकाळी मावशी पाटलांच्या भिंतीशी आली. गावातलं हे शेवटचं घर. तिने कुंचा बुडवला, पहिला हात ओढला, आणि परातीएवढा पोपडा सुटून तिच्या पायाशी पडला.

तिने वाकून पाहिलं. पोपड्याच्या कडेला थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. पांढरा, लाल, पांढरा, लाल. तिने नख घालून एक थर उचकटला. खाली तिच्याच अक्षरात ओळ होती: ओढ्यावर साकव बांधीन. आणखी एक उचकटला. ओढ्यावर भक्कम साकव बांधीन. त्याच्याखाली, ओढ्यावर यंदा नक्की साकव बांधीन.

ह्या सगळ्या ओळी तिनेच लिहिल्या होत्या. दरवर्षी पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर उभं राहिलं की तिलाही वाटायचं, यंदा होईल.

पाटील तोंडात कडुनिंबाची काडी घेऊन बाहेर आले.

"मावशी, हे काय? संध्याकाळी लोक यायचेत."

"पोपडा सुटला, पाटील."

"मग बुजव. एक हात जास्त दे."

"धरत नाही आता. चुन्यावर चुना किती चढवणार? भिंतीला हात लागतच नाही."

"काहीतरी कर. मागलं मागे गेलं. माणसाने नव्या वर्षापुढे कोरं उभं राहावं."

"पहिली ओळ काय लिहू?"

"तीच. पण यंदा जरा वेगळी मांड." पाटलांनी काडी बाजूला धरून विचार केला. "'सर्वांच्या साथीने' असं घाल. बरं दिसेल."

मावशीने कुंचा बादलीत ठेवला आणि ती ओट्याच्या कडेवर टेकली. "माझा हात उठत नाही," ती म्हणाली.

"दुखतोय का?"

"दुखतो तो रोजचाच. आज उठतच नाही."

पाटलांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ते हसले. "मला शहाणपण शिकवतेस होय? तुझ्या स्वतःच्या भिंतीवर काय असतं, ते बघ जाऊन. दरवर्षी एकच ओळ. मी दरवर्षी वाचतो ती. वाचतो आणि वाट बघतो. तू काही कधी आली नाहीस."

मावशी उठली आणि घरी गेली.

तिच्या भिंतीवर काय होतं ते तिला पाठ होतं. तरीही तिने चुलीपाशी पडलेलं उलथनं घेतलं आणि भिंत खरवडायला लागली. पाटलांना साकवाचं विचारीन. पाटलांना साकवाचं विचारीन. एकवीस वेळा. बाळ गेलं त्याच्या पुढच्या वर्षीची ओळ तेवढी वेगळी निघाली. त्या वर्षी तिने ती मोठ्या अक्षरांत लिहिली होती. बस, एवढंच केलं होतं.

मुलगी पाण्याला निघाली होती, ती कडेवर घागर घेऊन थांबली. "आई, सणाच्या दिवशी काय उकरत बसलीस?"

"स्वतःला," आई म्हणाली. मग पोरीच्या पोटाकडे पाहत तिने विचारलं, "तुझ्या भिंतीवर काय लिहिलंस यंदा? तुझी भिंत तू लिहू दिली नाहीस मला."

"भिणार नाही, असं लिहिलंय."

"मग?"

"मग काय? भिते की."

ती पाण्याला गेली. मावशी उलथनं घेऊन पाटलांच्या घराकडे वळली. पाटील जेवून आडवे झाले होते. त्यांच्या घोरण्याच्या तालावर तिने अख्खी भिंत खरवडली. कुठे तीन थर, कुठे दहा, कुठे थेट मातीपर्यंत. भिंतभर साकवच साकव दिसायला लागले. लहान, मोठे, भक्कम, देखणे.

संध्याकाळी लोक हार घेऊन आले आणि मंडपात येऊन थबकले. एका म्हाताऱ्याने सवयीने वाचायला सुरुवात केली. चौथ्या साकवाला कोणीतरी फिसकन हसलं. सातव्यानंतर म्हातारा स्वतःच थांबला.

मग लोक चिडले. पाटलांवर नाही, मावशीवर.

"हे काय मावशी, वर्षाच्या पहिल्या दिवशी?"

"पाटलांची काही अब्रू आहे की नाही?"

"आज त्यांची भिंत उकरलीस, उद्या आमची उकरशील." हे बोलणाऱ्याने दहा वर्षांत दहा वेळा तंबाखू सोडली होती आणि आत्ताही त्याचा एक गाल फुगलेला होता.

"उकरणारच होते," मावशी म्हणाली. "पण आधी माझी उकरून आले. जाऊन वाचा. एकवीस वर्षं लिहिलंय, पाटलांना विचारीन म्हणून. एकदाही विचारलं नाही. भीती वाटायची, आणि लिहिलं की भीती वर्षभरापुरती शांत व्हायची." ती पाटलांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, चढण्याएवढी ताकद त्यात नव्हती. "पाटील, साकव का नाही झाला?"

हातातल्या हाराकडे कोणीतरी पाहत होतं, कोणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतं.

"लाकूड आणलं होतं," पाटील अखेर म्हणाले. "पहिल्याच वर्षी. चांगला साग. बावीस वासे."

"मग गेलं कुठे?"

पाटलांनी मान वर केली. त्यांच्या पाठोपाठ सगळ्या गावाने मान वर केली.

"याद्या वाचायला लोक जमायचे," पाटील म्हणाले, "उतरत्या उन्हात उभे राहायचे. म्हटलं, मंडप घालू. तात्पुरता."

बावीस वर्षं गाव त्या साकवाखाली बसून साकवाला टाळ्या देत होतं.

मग सुताराने उठून एका खांबाला नख लावलं, बोट वाजवून पाहिलं. "कीड नाही," तो म्हणाला. "माझ्या नातवापर्यंत जाईल."

दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायला सगळं गाव आलं, असं सांगायला मला आवडलं असतं. नऊ जण आले. तिसऱ्या दिवशी पाटील आले, कोणाशी न बोलता एका वाशाचं टोक खांद्यावर घेऊन ओढ्याकडे चालू लागले. त्यांच्या गळ्यात कोणी हार घातला नाही. त्यांनी मागितलाही नाही. जेठ संपता संपता शेवटची फळी ठोकली गेली, आणि चार दिवसांनी पाऊस आला.

श्रावणातल्या एका सकाळी सुईण कोरड्या पायांनी ओढा ओलांडून आली. "पूल जरा हलतो हो तुमचा," दारातच ती कुरकुरली आणि आत गेली. दुपारी घरातून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, आणि तिचा गळा चांगला मोकळा होता.

मावशीने नातीला पाहिलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती ओढ्यावर जाऊन बसली. खालून पाणी धावत होतं. ती पहिल्या बाळाचा विचार करत होती. त्याच्यासाठीही हेच बावीस वासे लागले असते. हीच नऊ माणसं. अडीच-तीन महिने. आणि त्याआधी तिचा एक प्रश्न.

घरी येऊन तिने कोळशाने आपल्या भिंतीवरच्या ओळीपुढे एक खूण केली. ती भिंत तिने पुन्हा कधी पांढरी केली नाही.

पुढच्या वर्षी मंडप नव्हता. लोक उतरत्या उन्हात उभे राहिले आणि याद्या आपोआप आखूड झाल्या. मावशी कुंचा घेऊन दारोदार गेली, पण बुडवण्याआधी प्रत्येक दारात एकच विचारायची, "गेल्या वर्षीचं काय झालं?" जे झालं असेल त्यावर चुना फिरे. जे झालं नसेल ती ओळ तशीच उघडी राही, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तंबाखूवाल्याच्या भिंतीवरची ओळ आणखी दोन वर्षं उघडी राहिली. तिसऱ्या वर्षी तो स्वतः मावशीला बोलवायला आला, आणि या वेळी त्याचे दोन्ही गाल सारखे होते.

तात्पर्य: भिंत कोरी केल्याने माणूस नवा होत नाही, जुन्या यादीतली एक ओळ पुरी केल्याने होतो.