साठ अक्षरांचा पासवर्ड

“...मग आता सांगा बाबा, यात शिरणार कोण?” हर्षलने विचारलं.

हिवरेकर बाबांनी समोरच्या मशीनवरून नजर फिरवली. ते महानुभाव मठाचे महंत. दीक्षा घेण्याआधी बँकेचे सर्व्हर सांभाळायचे, आणि हर्षल त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मठातल्या जुन्या पोथ्यांची छायाचित्रं जपण्याचं काम त्याला हवं होतं. त्यासाठीच त्याने हे मशीन बांधून आणलं होतं.

“किती दिवस लागले?”

“सव्वा महिना. तयार लिनक्स प्रणाली घेतलीच नाही. एकेक भाग मूळ सोर्स कोडवरून स्वतः कंपाइल करून बांधला. नको ते सगळं काढून टाकलं.”

“आणि पोथ्या?”

“याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन आहेत, तीन वेगळे कॉम्प्युटरच जणू. पोथ्या तिसऱ्यात राहतील. एकात चोर शिरला तरी दुसऱ्यात जाता येणार नाही. वर अख्खी डिस्क कुलूपबंद. साठ अक्षरांचा पासवर्ड.” हर्षल हसला. “मी कुणावर म्हणजे कुणावर भरवसा ठेवलेला नाही.”

“बरं. बंद करून पुन्हा चालू कर.”

हर्षलचा हात बटणापर्यंत गेला...

तिथेच थांबला.

“काय झालं लेका?”

“पासवर्ड मागेल.”

“मागणारच. दे.”

“मंगळवारी इथे आणून ठेवल्यावर नवा घातला, बाबा. तेव्हापासून मशीन बंदच केलेलं नाही. पाठ नाहीये.”

“लिहिलायस कुठे?”

“याच्याच आत. तिसऱ्या मशीनमध्ये.”

बाबा हसले नाहीत. एक कोरा कागद त्यांनी त्याच्यापुढे सरकवला.

हर्षलने चालू असलेलं तिसरं मशीन उघडून साठ अक्षरं कागदावर उतरवली. दोनदा ताडून पाहिली. त्याचे कान लाल झाले होते.

“हा ठेवू कुणाकडे? तुमच्याकडे?”

“मी विसराळू.”

तेवढ्यात तानाई दारात आल्या. मठाचं कोठीघर त्याच सांभाळत. वयाने बाबांहून मोठ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“ताटं वाढून झाली. का यंत्रच जेवायला घालणार आहे तुम्हाला?”

बाबांनी उठून कागदाची घडी त्यांच्या हातावर ठेवली. तानाईंनी ती उघडूनही पाहिली नाही. घडी कनवटीला खोचली आणि त्या गेल्या.

“बाबा... त्यांना यातलं काय कळतं?”

“काही नाही,” बाबा म्हणाले. “पण त्यांच्याकडून आजवर एक किल्ली हरवलेली नाही.” “पोथ्या आजपासून तुझ्याकडे. आता मशीन बंद कर, आणि जेवायला चल.”