भट्टेवाडीचा फुटका ढीग

फाटकातून आत येताना डाव्या हाताला जो ढीग तुम्ही पाहिलात, ते भंगार नव्हे. भंगारवालेसुद्धा त्याला हात लावत नाहीत, आणि आमच्याकडचे भंगारवाले कशाकशाला हात लावतात ते मी पाहुण्यांना सांगायला नको. फुटके ब्रेक-ड्रम, दुभंगलेली हब, चिरलेली फ्लायव्हील, सगळं गंजून एकमेकांत रुतलंय आणि वर टणटणीची झुडपं माजलीत. मागे एक साहेब बूट काढून त्या ढिगाला नमस्कार करायला लागले. मी म्हटलं, "साहेब, बूट घाला आधी. पाय कापेल. आणि तिथं देव नाही."

देव नाही, देवी तर नाहीच. देवी करायचा प्रयत्न मात्र झाला होता, आणि जिची करायची होती तिनेच तो मोडून काढला. तुम्ही माल न्यायला आलात, चहा यायला अजून अवकाश आहे, तेव्हा ऐका. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आजोबांकडून ऐकलंय, आणि आजोबा रंगात आले की थोडं मीठमसाला टाकायचे, तेही सांगून ठेवतो. पण एवढी वर्षं मी ही हकीकत सांगतो आहे आणि अजून एका ठिकाणी मला पुढे सांगवत नाही. तिथे मीठमसाला नसावा, असं मला वाटतं.

आज या माळावर बघाल तिकडे शेड आहेत. कुणी ड्रम ओततं, कुणी ते घासतं, कुणी भोकं पाडतं, कुणी रंगवून खोक्यात भरतं. कुठल्या कुठल्या प्रांतातल्या गाड्या इथल्या ड्रमवर थांबतात. त्या काळी इथे ओताऱ्यांची मोजकी घरं आणि त्या सगळ्यांत मिळून एक भट्टी होती. गुऱ्हाळाच्या चरकाची दातेरी चाकं ओतायची, एवढाच धंदा. पुढे शहरातून तयार चरक यायला लागले. रोज पेटणारी भट्टी बाजाराच्या दिवशी पेटायला लागली, नंतर सणासुदीला. तरणी माणसं गाठोडी बांधून गिरण्यांकडे निघाली. आणखी एक-दोन हंगाम असेच गेले असते तर भट्टेवाडी हे नुसतं नाव राहिलं असतं.

भट्टीचा कारभारी होता दौलू ओतारी. असे सांगतात, की या माणसाने जन्मात खोटा माल विकला नाही. ओतकामाला बारीक भोक पडलं की त्यात शिसं भरून वर काजळी फासणारे महाभाग तेव्हाही होते. दौलू तो नग सरळ पुन्हा भट्टीत टाकायचा. त्याची बायको हौसाक्का. साच्याची वाळू चाळायची, पाणी शिंपडून मळायची आणि सुकत घालायची, हे तिचं काम. बाई तोंडाची तिखट. नवरा-बायकोचं भांडण पार ओढ्यापर्यंत ऐकू जायचं म्हणे. पण त्या भांडणात तिने दौलूला 'खोटा' हा शब्द कधी लावला नाही. बाकी कुठला शिल्लक ठेवला नसेल.

घाटातून कोकणात गूळ नेणारे ट्रक तेव्हा नुकते वाढायला लागले होते. त्यातले बरेच दस्तगीरशेठ मोमीन यांचे. ट्रकच्या चाकातला ब्रेक धरणारा ड्रम झिजला की नवा लांबून यायचा, आणि तो येईपर्यंत गाडी दारात उभी. दौलूने शेठच्या दारातला एक फुटका ड्रम मागून आणला, त्यावरून साचा केला आणि तसेच ड्रम ओतून नेऊन दाखवले. शेठनी ते हातात घेतले, फिरवून बघितले आणि परत दिले.

"काम देखणं हाय, दौलू," ते म्हणाले. "पर माजा धाकला भाऊ असल्याच गावठी पार्टापायी दरीत गेला. मी कुनाच्या लेकराला ह्याच्यावर बसवू?"

शेठ वाईट माणूस नव्हता. ज्याचा भाऊ दरीत गेलाय त्याने दुसरं काय बोलावं? दौलू रोज जाऊन त्यांच्या ओट्यावर बसायला लागला. शेवटी शेठनी अट घातली. एका ट्रकला चारी चाकांना तुझे ड्रम लावू, ट्रक दगडांनी भरू आणि भट्टेवाडीच्या उतारावरून सोडू. ओढ्यावरच्या पुलाच्या आत थांबला, तर माझ्या सगळ्या गाड्यांचं काम तुझं, आणि इतर गाडीवाल्यांनाही मी सांगेन. नाही थांबला, तर पुन्हा माझी पायरी चढायची नाही.

त्या बोलण्यावर गावात आनंदीआनंद झाला. भट्टी दिवसरात्र धडधडायला लागली. शेठचा होकार मिळाला की लगेच गाड्या भरायच्या, म्हणून परीक्षेआधीच ड्रमची थप्पी उभी राहिली. सगळ्यांना घाई झाली होती. ही घाई लक्षात ठेवा.

ठरल्या दिवशी सगळं गाव बांधावर चढलं. उताराच्या माथ्यावर दगडांनी भरलेला ट्रक. स्टेअरिंगवर शेठचा भरवशाचा ड्रायव्हर, कासम. शेजारी दौलू, कारण माझा माल असताना दुसऱ्याला एकट्याला पाठवणार नाही असं त्याने बजावलं होतं. हौसाक्काने ट्रकला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि ती खाली चालत गेली. लोकांना वाटलं, पुलाशी उभं राहून ओवाळणार असेल. उतारावरच्या वळणाच्या पुढे, जिथून माथा दिसत नाही तिथे, तिने रांगोळीची एक रेघ रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. मग रेघेच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध, उताराकडे पाठ करून मांडी घालून बसली आणि डोक्यावरून पदर घेतला.

हे ऐकून तुमचा चेहरा जसा झालाय तसाच बांधावरच्या माणसांचा झाला असणार. ती काय करते आहे हे कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा ट्रक सुटलेला होता. बायका किंचाळल्या. शेठ धोतराचा सोगा धरून धावले आणि अर्ध्यात पडले. वळणावर ट्रक आला आणि कासमला रस्त्यात बाई दिसली, दौलूला आपली बायको दिसली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ट्रक थांबला. त्याचं नाक तिच्या अंबाड्याला टेकलं, असे सांगतात. मी आजोबांना खोदून विचारलं होतं, खरंच टेकलं का? ते म्हणाले, तिचा पदर ट्रकच्या पुढच्या जाळीला चिकटला होता.

मग जे झालं ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला. दौलू उडी टाकून खाली उतरला. त्याने तिला धरून उठवायला बघितलं, पण ती उठेना. "का बसलीस गं?" तो ओरडला. "का बसलीस?"

"तुज्या हातचं काम हाय," ती म्हणाली. "मला कशाचं भ्या?"

एवढं ऐकल्यावर लोक तिच्या पायांवर डोकी ठेवायला लागले. शेठ गुडघा फुटलेला, तसेच आले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "आज मी डोळ्यानं बगितलं. सगळ्या गाड्या तुज्या, दौलू. ती थप्पी आत्ताच भरा." गावाचं भाग्य उघडलं. एवढ्यात कुणीतरी कासमला हार घालायला गेलं. कासम ट्रकच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याने हार दूर ढकलला.

"बिरेकनं न्हाई थांबली," तो म्हणाला. "मी डोंगराला घासली."

खरंच, ट्रकची एक बाजू वळणापासून इथपर्यंत दरडीला घासून फाटली होती आणि त्या जल्लोषात कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. दौलू वाकून चाकांशी बसला. त्याने जॅक मागितला. एकेक चाक काढायचं आणि ड्रमवर हातोडीने टिचकी मारायची. ओतकाम धड असेल तर घंटेसारखं वाजतं. पहिला वाजला, दुसरा वाजला, तिसरा वाजला. शेवटच्याचा आवाज बद्द आला. काठापासून पार बोल्टापर्यंत चीर गेली होती. दौलूने घण घातला आणि ड्रमचे दोन तुकडे झाले. वरून आरशासारख्या घासलेल्या त्या लोखंडाच्या पोटात लिंबाएवढी काळी पोकळी होती.

आता सांगवत नाही म्हटलं ते ठिकाण. तुम्हाला वाटेल, लोक हादरले असतील, गप्प झाले असतील. छे! लोकांनी जास्तच जोरात जयजयकार केला. फुटक्या ड्रमावर ट्रक थांबला, म्हणजे आक्काच्या अंगात देवीच आहे! कुणी ते तुकडे कपाळाला लावले, कुणी तिथेच देऊळ बांधायचं बोलायला लागलं. आणि पलीकडे माणसं थप्पीतले ड्रम गाड्यांत भरत होती. त्याच घाईत, त्याच वाळूत, त्याच भट्टीतून निघालेले ड्रम. ज्यांच्या डोळ्यांदेखत पोकळी निघाली तीच माणसं! कुणी म्हणालं, "आता आक्काचा आशीर्वाद हाय. काय हुईत न्हाई." ही वाईट माणसं नव्हती हो. आमचीच माणसं. माझे आजोबासुद्धा त्या भरणाऱ्यांत होते.

हौसाक्काने तो तुकडा मागून घेतला. पोकळीत बोट घातलं. असे सांगतात, की तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते ट्रक येत असतानाही आलं नसेल. साच्याची वाळू ओली राहिली की रस ओतताना तिची वाफ होते. ती वाफ लोखंडात अडकते आणि लोखंड थिजलं की तिथे अशी पोकळी राहते. हे प्रत्येक ओताऱ्याच्या घरात ठाऊक असतं. आणि वाळू सुकवायची कुणी?

"देवी कशाची?" ती म्हणाली. "माजीच वाळू वली हुती. घाईनं नीट सुकू दिली न्हाई मी. ह्यानं खऱ्या मनानं ओतलं, आन् मी खऱ्या मनानं बसली, तरीबी आत पोकळ."

लोक म्हणाले, आक्का, तू दमलीस, घरी चल. ती धडपडत उठली, गाड्यांपर्यंत गेली आणि भरणाऱ्याच्या हातातला ड्रम खाली पाडला. "फोड," ती नवऱ्याला म्हणाली. दौलूने फोडला. तो भरीव निघाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पुरे आता, म्हणाले. तिने दुसरा पाडला. तोही भरीव. तिसऱ्यात पोकळी निघाली, आधीच्यापेक्षा मोठी. वरून तिन्ही सारखेच दिसत होते.

दौलूने घण खाली ठेवला. त्या थप्पीत गावाचं सगळं लोखंड होतं, सगळा कोळसा होता, गिरणीकडे न गेलेल्या प्रत्येक माणसाचे हात होते. तो बायकोला हळूच म्हणाला, "आज तर थांबली न्हवं गाडी?"

तेव्हा ती जे बोलली ते आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. ती म्हणाली, "मी किती गाड्यांच्या म्होरं बसू?"

सगळी थप्पी फुटली. शेठ शेवटपर्यंत गुडघ्याला फडकं बांधून समोर बसून होते. उठून जा म्हटलं तर गेले नाहीत. जाताना ते दौलूला एवढंच म्हणाले म्हणे, की वाळू नीट सुकू दे, माझ्या गाड्या थांबतील तोवर. आणि थांबल्या. आज हा जो माळभर पसारा आहे तो तिथून सुरू झाला. देऊळ काही झालं नाही. हौसाक्काच्या पाया पडायला कुणी आलं की ती चाळणी हाणायची म्हणे. चाळणीचा भाग आजोबांचा असावा.

आजही भट्टेवाडीतून कुठलाही लॉट बाहेर जाण्याआधी त्यातला एक नग कारखान्यातली एखादी बाई निवडते, मालक नव्हे. तो सगळ्यांसमोर फोडतात आणि पोटात बघतात. आता एक्स-रेची मशीन आली, साहेबांचे शिक्के आले, तरी ही रीत सुटलेली नाही. नग भरीव निघाला तर ते तुकडे पुन्हा भट्टीत जातात. पोकळ निघाला तर सगळा लॉट फुटतो आणि सगळ्यांना दिसत राहावा म्हणून बाहेरच्या ढिगात जातो. तरण्या इंजिनिअरांना हे अडाणीपणाचं वाटतं. मीही तरणा होतो तेव्हा हसायचो.

चहा आलाच नाही ना? येणारही नव्हता. मीच सांगून ठेवलं होतं, माझं बोलणं झाल्याखेरीज आत यायचं नाही म्हणून. आज सकाळी माझ्या थोरल्या सुनेने तुमच्या लॉटमधला नग निवडला. मशीनने पास केलेला, शिक्का मारलेला. मी तिथेच उभा होतो. आपल्याच घरचा माल आतून पोकळ निघेल हे या वयातही खरं वाटत नाही. तुमच्या बसगाड्या वाट बघतायत, तुमचे साहेब तुम्हाला बोलतील, सगळं मान्य. पण माल आज मिळायचा नाही.

आता उठा. ज्याचा माल त्याच्यासमोरच फोडायचा, हीसुद्धा शेठपासूनची रीत आहे. सगळा कारखाना घण घेऊन तुमच्यासाठी थांबलाय.