नायधोंडा

पाणी प्यालात ना? मग आता इकडे बघा. देवळाच्या पायरीशी हा जो काळा, बसका धोंडा आहे, त्याला आम्ही नायधोंडा म्हणतो. फोटो खुशाल काढा, पण वर बसू नका. हा बसायचा धोंडा नव्हे, उभं राहायचा आहे.

आमच्याकडे जत्रेला गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, देवापुढे एकेक मागणं मागतो आणि जमलेला गाव एका सुरात म्हणतो, ‘व्हय महाराजा!’ चांगलं काय, वाईट काय, हे आम्हाला कोणी वेगळं शिकवलं नाही. कशाला व्हय म्हणायचं ते मांडीवर असतानाच कळतं.

फार पूर्वी गावात पटकीची साथ आली, असं सांगतात. त्याच आठवड्यात वेणूला मुलगी झाली, तीही तोंडात दोन दात घेऊन. लोकांना कारण सापडलं. वेणूचा नवरा तारवावर खलाशी, दूर मुलखात. बाळंतिणीला पोरीसकट नदीपार घालवायचं ठरलं आणि विसू गावकराने तेच मागणं गाऱ्हाण्यात घातलं. हा विसू आमच्याच घराण्यातला. लपवायचं कशाला?

‘ही पीडा शिवेभायर जाऊ दे रे महाराजा!’

‘व्हय महाराजा!’ गाव गरजला. तेवढ्यात या धोंड्यावरून आवाज आला, ‘नाय महाराजा!’

वर आवडू सुईण उभी होती, वेणूची पोर पदरात घेऊन. समोरच्या निम्म्या पुरुषांची नाळ तिनेच कापलेली.

‘काकी, गावापेक्षा शानी झालंस काय गो?’ विसू ओरडला.

‘शानी नाय रे. गेल्या जत्रेक ह्याच पायरेर तूच मागलंस, अडल्यानडल्याक सांबाळ म्हणान. तेका मी व्हय म्हटलंय. आता ह्येकाय व्हय म्हटलंय तर तां खोटां पडात. माका देवान दोन जिभा नाय दिल्यान.’

विसूने तेच मागणं दुसऱ्यांदा घातलं, तिसऱ्यांदा घातलं. दर वेळी तिचं नाय, आणि दर वेळी गावाचं व्हय बारीक होत गेलं. शेवटी मागणं पक्कं करायला त्याने नारळ आपटला, तर तो फुटला नाही, म्हणे. देवाने फुटू दिला नाही, असं लोक मानतात. मला वाटतं, विसूने तो जोराने आपटलाच नाही, आणि मला तेच जास्त आवडतं.

वेणू गावातच राहिली. पटकी तिच्या वेळेला गेली. जाताना आवडूला घेऊन गेली. पोरीच्या दातांचं मात्र पुढे काही ऐकिवात नाही.

आजही नारळ फोडण्याआधी गावकर धोंड्याकडे तोंड करून विचारतो, ‘कोणाचा नाय आसा काय?’ बहुतेक वर्षी कोणी बोलत नाही. गेल्या जत्रेला विचारणारा मी होतो. एका घराला गावची विहीर बंद करायचं मागणंही मीच घातलं होतं. माझी सून धोंड्यावर चढली आणि भर जत्रेत माझ्या तोंडावर नाय म्हणाली. असा संताप आला मला! पण नारळ काही माझ्याने उचलवला नाही.

तुम्ही आल्या आल्या प्यालात ते पाणी त्याच विहिरीचं. भरून आणलं होतं त्याच घरातल्या बाईने.